पहिल्या हाकेला ओ

एटापल्लीहून आलापल्लीला जाणाऱ्या सागाच्या ट्रकवर बसून मी गाव सोडलं, तेव्हा शंकर, तू आईच्या कडेवर होतास. आपल्याकडे समुद्र कुणी पाहिला नव्हता. याला पोहायला घरच्या बोडीचं पाणी पुरत नाई, म्हणून नेव्हीत चालला, असे टोमणे बाबांनी चार दिवस मारले. ट्रक सुरू झाला तेव्हा मात्र फळीला धरून म्हणाले, "एकटा असशीन अन् कोनी एकदा हाक मारली, त ओ देऊ नोको. माणूस तीनदा बोलावते. एकदा बोलावते ते दुसरंच काही राह्यते."

सब-लेफ्टनंट झालो त्या वर्षी, एका सकाळी रत्नागिरीसमोर दाट धुकं होतं. जहाजाच्या ब्रिजवर पहाऱ्याची वॉच माझी होती. डाव्या अंगाने स्वच्छ ऐकू आलं, "भाऊ!" एकदाच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायला लाज वाटते, पण मी पुढच्या हाकेची वाट पाहत उभा राहिलो. जहाज पुढे निघून गेलं. हाक काही आली नाही. मग भानावर येऊन कॅप्टनना सांगितलं. जहाज वळवलं, बोट उतरवली. एक उलटलेला मचवा सापडला. त्याच्या कडेला हात अडकवायला पंचा घट्ट बांधलेला होता. माणूस नव्हता. हाक कधी ऐकली, कॅप्टननी विचारलं. मी म्हणालो, आत्ताच.

पुढे दिल्लीत टेबलावर बसून किनाऱ्याच्या संरक्षणाची धोरणं लिहिली. शेजारी देशांची जहाजं, बंदरं, गस्त, सगळं आलं त्यात. आणि प्रत्येक मसुद्यात मी एक ओळ घुसडायचो: समुद्रातून आलेली पहिलीच हाक खरी मानावी. साहेब कातावायचे, हे धोरण आहे की शाळेतला सुविचार? ते खोडायचे, मी पुन्हा लिहायचो. शेवटी ती ओळ राहिली. माझा जीव मात्र थाऱ्यावर आला नाही.

त्यानंतर सुट्टीवर गावी आलो. भर दुपारी बाबा मोहाच्या झाडांतून माझ्यापुढे चालत होते. पानही हलत नव्हतं. मागून माझ्या घरच्या नावाने हाक आली. एकदाच. मी लगेच ओ दिली.

बाबा थांबले. "काऊन ओ देल्ली?"

"कोनी मागं राह्यलं असंन त, बाबा?"

ते माझ्या मागे बघत राहिले. वाट रिकामी होती. मग त्यांनी माझा हात धरला आणि दारापर्यंत सोडला नाही. ते रागावले नाहीत, याचीच मला भीती वाटली. उंबऱ्याशी हळूच म्हणाले, "आता ते तुले ओळखते. इथी एकटा येऊ नोको."

शंकर, तू प्रत्येक पत्रात विचारतोस, रिटायर झालास, आता गावी काऊन येत नाहीस? येतो रे. आईमागून बाबाही गेले, आता एकटाच येईन. मला घरच्या नावाने बोलावणारं जगात तेवढंच रान उरलंय. कुणीही बोलावो, मी ओ देईन. त्या मचव्यावरच्या माणसाला दिली नव्हती.