अंगणात नांगरलेली होडी

काही घरांत रद्दी साठते, काही घरांत रिकाम्या बाटल्या. माझ्याकडे पोशा तांडेलचे किस्से साठलेत. मुद्दाम जमवलेले नाहीत हं! रेवदंड्याच्या बंदरावर मी आगबोटीच्या बुकिंगला होतो आणि माझ्या खिडकीसमोरच तांडेलचा मचवा लागायचा, त्यामुळे ते आपोआप जमत गेले.

रिटायर झाल्यावर लोक जप करतात, कुत्रा पाळतात. मी तांडेलच्या ओट्यावर जाऊन बसायचो. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा मुंबईला. त्या घराने मला चहा पाजला, माझी टिंगल केली आणि माझं म्हातारपण सोपं करून दिलं. हे उपकार फिटण्यातले नाहीत, म्हणून निदान सांगतो तरी.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. आयुष्यभर मुंबईची तिकिटं फाडली, पण आगबोटीत एकदाही बसलो नाही. मला बोट लागते. धक्क्यावर उभं राहूनसुद्धा लागते!

*

तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य माणूस. पोशाचा मचवा चांगला दोन डोलकाठ्यांचा, माल वाहणारा. दिवाळीच्या सुमारास निघायचा तो मलबारपर्यंत जाऊन कौलं, नारळ घेऊन यायचा, परत जायचा. पावसाळ्यात दर्या बंद, तेवढेच दिवस तांडेल घरी. पुढे स्वातंत्र्य आलं, रस्ते झाले, माल ट्रकमधून जायला लागला. त्यात तांडेलच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शेवटी मचवा विकायचा ठरला.

उरणकडचा एक व्यापारी बघायला आला. तांडेलला विकायचा तर होता, पण हातचा सुटत नव्हता. त्याने मचव्याची निंदा सुरू केली. डावीकडे कलतो, उत्तरेचा वारा आला की अडून बसतो, जुना झालाय, कुरकुर फार करतो, वेळेवर कधी वळत नाही. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. तो चपला शोधायला लागला.

तेवढ्यात तांडेलची बायको हिराबाय आतून चहा घेऊन आली. चहा ठेवता ठेवता व्यापाऱ्याला म्हणाली, "घ्या तुमी, चांगला हाय मचवा. माज्याबद्दल पण ते असंच बोलतात."

व्यवहार तिथल्या तिथे झाला!

*

आता पुढे काय? बिनबोटीचा तांडेल घरात कसा वागतो ते मी आठ दिवस बघितलं. भांड्यांच्या फळीखाली उभा राहून वारा कुठून येतोय ते बघायचा. मग एका संध्याकाळी त्याने जाहीर केलं, की छोटी होडी बांधायची, तिला वर केबिन, आत दोघांना झोपायला जागा. आणि हिराबायला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं.

लग्नानंतर हिराबायने कधीच कुठल्या बोटीवर पाय ठेवला नव्हता. बाईमाणसाने मचव्यावर चढायचं नाही, असं तिला सासूने लग्नातच सांगून ठेवलेलं. तांडेल म्हणाला, हा मचवा नाही, होडी आहे. ती म्हणाली, बघू. आणि वर एक अट घातली. होडी बंदरात राहता कामा नये. रोज रात्री ती अंगणात आली पाहिजे, माझ्या नजरेसमोर. का, ते तिने सांगितलं नाही आणि तांडेलने विचारलं नाही.

मला मात्र ओट्यावरून उठता उठता तो हळूच म्हणाला, "नाना, जनमभर तिला नुसती बंदरांची नावं सांगितली. एक तरी दाखवल्याबिगर गेलो, तर माजा सगळा दर्या फुकट गेला."

हे त्याने एकदाच सांगितलं. पण त्यानंतर तो जे जे काही करत होता ते ह्याच्यासाठी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

*

होडी बांधायला गोपाळ मिस्त्री. तांडेलने त्याला केबिन सांगायला सुरुवात केली. चूल, पाण्याचा पिंप, देवाचा कोनाडा, सामानाची पेटी, शिडाची पेटी, पाहुण्याला बसायला जागा. मिस्त्री बिचारा कान खाजवत म्हणाला, की हा तर परत मचवाच झाला, मग तो विकला कशाला? दोघांची जुंपली.

हिराबाय सुकट वाळत घालत होती. ती उठली, हात झटकले आणि सरळ वाळूत आडवी झाली. सगळ्या कोळीवाड्यासमोर! मिस्त्रीला म्हणाली, डोक्यापाशी एक रेघ मार, पायापाशी एक मार. मग तांडेलला म्हणाली, शेजारी आडवे व्हा. तांडेल लाजून लाल झाला, पण झाला आडवा. दोघांमध्ये चांगली हातभर जागा उरली होती. मिस्त्रीने विचारलं, ही कशाला सोडायची?

"त्यांचं घोरणं ठेवायला," हिराबाय म्हणाली.

उठताना मात्र तिने स्पष्ट सांगितलं, "मी येनार न्हाय. पन माजी जागा तेवढी ठेव."

केबिन बरोब्बर त्या रेघांवर बांधली.

*

होडी अंगणात आणायची म्हणजे चाकं हवीत. लढाई संपल्यावर सरकारी लिलावात निघालेला जीपमागचा एक ट्रेलर पनवेलला पडून होता, तो मिस्त्रीने आणला. त्याला दांडी बसवली, जू बसवलं आणि होडी वर चढवली. ओढायला शेजारच्या हरी पाटलाचे बैल.

मचव्याबरोबर तांडेलने सगळं देऊन टाकलं होतं, पण लोखंडी नांगर ठेवून घेतला होता. तो हाताने उचलायला दोन गडी लागत! तो त्याने होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर ठेवला. बैलांच्या माना खाली गेल्या, ते गुडघ्यावर येतात की काय असं झालं. म्हणून नांगर मागे नेला. आता दांडी वर उचलली गेली आणि बैल आकाशाकडे बघायला लागले.

हरी पाटील शांतपणे म्हणाला, "तांडेल, बैल हायत माझे. पतंग न्हायत."

नांगर उतरला. त्याला आता शेळी बांधतात. ती शेळी परत कधी कुणाच्या वाडीत शिरलेली मी तरी ऐकली नाही!

*

नवी होडी पाण्यात घालण्याआधी चौलला देवाला दाखवून आणायची होती. गाडी निघाली. हरी पाटील बैलांपाशी, मी मागे चालत, आणि तांडेल होडीत सुकाणू धरून बसलेला. रस्त्यावर सुकाणू कशाला? पण त्याला कोण विचारणार!

चौलच्या वाड्यांमधला रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सुपारीची बागायत. समोरून एसटी आली. मागे सरायला आम्हाला जागा नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कंडक्टर खाली उतरला, गाडीतले लोक खिडक्यांतून बाहेर आले. तांडेल जागचा हलला नाही. वरूनच म्हणाला, "दर्यावर यंत्रवाला शिडाला वाट देतो."

कंडक्टर तापला. हा दर्या नाही, हा रस्ता आहे, म्हणून त्याने हातवारे करून सांगितलं. पण ड्रायव्हर हसायला लागला. तो मुरुडचा, बाप आणि आजा दोघंही जहाजावर खलाशी. त्याने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "बराबर है चाचा. कायदा तो कायदा."

आणि सबंध भरलेली एसटी रिव्हर्समध्ये पार वळणापर्यंत गेली! तांडेलने जाताना त्याला सलाम केला, आगबोटीला करायचा तसा. मी इतक्या वर्षांत सरकारी माणसाने इतकं मनापासून काही केलेलं बघितलं नव्हतं.

*

होडी पाण्यात पडली. हिराबाय काठावर. म्हणाली, माझं काम इथलं, तुम्ही या जाऊन. मग हाताखाली एक माणूस म्हणून मला बसवलं.

मचव्यावर तांडेलच्या हाताखाली खलाशी होते. तोंडातून हुकूम निघाला की काम झालंच. त्या सवयीने त्याने आवाज टाकला, "शीड घे!" होडीत आम्ही दोघंच. मी डोळे मिटून काठ घट्ट धरलेला. थोडा वेळ कुणी काही केलं नाही. मग तांडेलच बारीक आवाजात म्हणाला, "व्हय तांडेल," आणि उठून त्याने शीड घेतलं.

दिवसभर हेच! हुकूमही तोच द्यायचा, होकारही तोच भरायचा. एकदा तर कामाला वेळ लागला म्हणून त्याने स्वतःला शिवी घातली आणि मुकाट ऐकूनही घेतली. मी आपला होडीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाकत होतो, कुठल्याही बाजूवर अन्याय होऊ दिला नाही.

काठावर आल्यावर हिराबायने माझ्या हातात लिंबू दिलं. तिने सगळं ऐकलं होतं, पाण्यावरून आवाज लांब जातो. म्हणाली, "नाना, लगनाला इतकी वर्सं झाली. आज पयल्यांदा कुनी यांचं लगेच ऐकलं."

*

पुढे एक गंमतच झाली. होडी अंगणात असली की हिराबाय आत! केबिनमध्ये बसून तांदूळ निवडायची, दुपारी तिथेच डुलकी काढायची. होडी पाण्यात निघाली की ती बाहेर. तांडेलचा चेहरा मला बघवायचा नाही. एवढी हातभर जागा सोडून बांधलेली केबिन, आणि तो तीत एकटाच घोरणार!

एकदा हिराबाय तापाने पडली. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. दुपारी मी गेलो तर अंगणात होडीतून धूर निघत होता. तांडेल होडीतल्या चुलीपाशी बसलेला. बांगड्याचं कालवण, भात आणि वर तिरफळाचा वास. ताट वाढून त्याने आत नेलं.

हिराबाय एक घास खाऊन थांबली. कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. तेव्हा कळलं, की पोरवयात तांडेल मचव्यावर चढला तो स्वयंपाकी म्हणून. तांडेल नंतर झाला.

"मग मला कदी बोल्ला न्हाय ते?"

"तू इचारलं न्हाय."

हिराबायने ताट चाटून पुसून संपवलं. मला वाटलं, आता भांडण. पण ती उशीला टेकली आणि छपराकडे बघत म्हणाली, "जितं आयतं जेवन मिळतं, तितं मी येते. बरी झाली की मुरुडला जाऊ. माज्या भावाकडं."

तांडेल बाहेर आला आणि हात धुवायच्या निमित्ताने विहिरीपाशी बराच वेळ उभा राहिला. मी तिकडे गेलो नाही. त्या दिवशी मला त्या घरात बसायला मिळालं, ह्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

*

मुरुडला निघालो ते सकाळी जमिनीवरून दर्याकडे सुटणाऱ्या वाऱ्यावर. हिराबाय नवं लुगडं नेसून नाळेवर बसली होती. मला घेतलं होतं ते बहुधा करमणुकीसाठी. कोर्लईचा किल्ला मागे पडला तेव्हा तिने वळून रेवदंड्याच्या किनाऱ्याकडे बघितलं. मचवा यायचा झाला की ती तिथे वाट बघत उभी राहायची. कधी सकाळपासून, कधी सलग तीन-चार दिवस. वादळाच्या एका वर्षी तर त्याहून किती तरी जास्त.

तिने विचारलं, "हितनं माणूस वळखू येतं?"

तांडेलला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "न्हाय. लुगड्यांचे रंग तेवढे दिसतात."

तो किनारा दिसेनासा होईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली. मग काशीदच्या पुढे सुरूच्या झाडांबद्दल काहीतरी बोलली. तांडेल प्रत्येक खडकाचं नाव सांगत होता आणि ती मान हलवत होती. मला त्या दिवशी बोटसुद्धा कमी लागली.

मुरुडच्या किनाऱ्यापाशी पाणी कमरेएवढं राहिलं तिथे तांडेलने होडीचा छोटा नांगर टाकला. मी सगळ्यांच्या आधी उतरून वाळू गाठली. हिराबायचा भाऊ रामा धावत आलेला. तांडेलने पाण्यात उतरून बायकोला हात पुढे केला.

तिने हात घेतला नाही. म्हणाली, "तुमी व्हा पुढं. वर वाळूत जाऊन उभं ऱ्हा."

"आन तू?"

"मी येते मागनं."

तांडेल वाळूत येऊन उभा राहिला. हिराबाय केबिनच्या टपावर चढून बसली, कमरेची चंची काढली आणि सावकाश पान लावायला घेतलं. होडी वल्हवायला ती लग्नाआधी, लहानपणी, इथल्याच खाडीत शिकलेली. पण तिने वल्ह्याला हात लावला नाही. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऊन चढलं. वारा थांबला, पाणी तेलासारखं सपाट झालं. रामाने दोनदा घरी चला म्हटलं, तिसऱ्यांदा पाणी आणून दिलं. तांडेलने तांब्या तसाच हातात धरला. मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मी सावली बघून बसलो होतो, पण तांडेलचे ते दुखरे गुडघे काही वाकेनात.

शेवटी रामाला राहवेना. म्हणाला, "भावोजी, होडी ही समोर उभी हाय. हाक मारली तर ऐकू जाईल. तुमी वाट तरी कुनाची बघताव?"

तांडेलने डोळ्यांवर हात धरला होता. नजर न हलवता तो म्हणाला, "गप ऱ्हा. वारा पडलाय. तिला उशीर व्हतोय."