जामीनदाराची मुलगी

नागपूरच्या विमानतळाबाहेर आम्ही दोघी एकाच जीपमधून उतरलो, तेव्हाच मला ते खटकलं होतं. जीप माझ्या बाबांनी ठरवली होती, भंडाऱ्याहून. पण आमच्या पुढच्या गल्लीतली प्रज्ञाही त्याच विमानानं, मिनेसोटातल्या त्याच युनिव्हर्सिटीत निघाली होती, आणि तिला सोडायला तिची आई एकटीच. वडील ती आठवीत असतानाच गेलेले. म्हणून बाबांनी एका हातानं माझी बॅग ओढली आणि दुसऱ्या हातानं तिची. आईनं दोघींना चिवड्याचे सारखेच डबे दिले. काचेच्या दारापाशी बाबांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिका पोरींनो. पैसा कमवा. पण कोणाच्या दारात उभं राहायची पाळी आणू नका."

'पोरींनो' हा शब्द मला टोचला. बाबा लाइनमन. भर उन्हात खांबावर चढून त्यांनी मला इंजिनीयर केलं होतं. निदान त्या दिवशी तरी ते फक्त माझे असावेत, असं मला वाटत होतं.

हे मी नऊ वर्षांनी लिहिते आहे. मागे राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांसाठीही. यात मी काही फार चांगली दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही दोघी शैक्षणिक कर्जावर आलो. माझ्या कर्जाला आमचं भंडाऱ्याचं घर तारण होतं. प्रज्ञाच्या आईकडे तारण ठेवायला काही नव्हतं, त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. बँकेनं जामीनदार मागितला. बाबांनी सही केली. आईनं विचारलंसुद्धा, "दोन-दोन कर्जं आपल्या डोक्यावर कशाला?" बाबा म्हणाले, "तिकडं पगार सुरू झाला की सहा महिन्यांत फिटते." आमच्या अख्ख्या वस्तीची हीच समजूत होती. डॉलरमधला पगार ऐकायचा, त्याला ऐंशीनं गुणायचं आणि तोंडात बोट घालायचं. घरभाडं, विमा, टॅक्स यांना मात्र कोणी ऐंशीनं गुणत नव्हतं. मीही नाही.

शिक्षण झालं, नोकऱ्या लागल्या. मिनीॲपोलिसच्या बाहेर, ईडन प्रेरीत आम्ही दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. प्रज्ञानं पहिल्या पगारात अकरा वर्षांची करडी गाडी विकत घेतली, रोख. दार आतून उघडायचं नाही, म्हणून काच खाली करून हात बाहेर काढून उघडावं लागे. ती डबा नेई, केस घरी कापी, आणि शनिवारी लायब्ररीतून पुस्तकं आणी. माझ्या ऑफिसमधली पुण्याची मैत्रीण शर्वरी आम्हाला जेवायला बोलवायची. तिचं घर मोठं, किचनमध्ये पांढरा दगड, गॅरेजमध्ये दोन नव्या गाड्या. तिच्या दारात आमची करडी गाडी उभी राहिली की मला तोंड लपवावंसं वाटे. प्रज्ञाच्या ते लक्षात आलं असावं. ती गाडी चार घरं सोडून लावायला लागली. 

शर्वरीचा मला फार हेवा वाटायचा. एकदा भांडी आवरताना मी तिला विचारलं, "हे सगळं तू एवढ्या लवकर कसं केलंस?"

"अगं, ईएमआयशिवाय इथे काही होतच नाही," ती हसून म्हणाली. "आणि क्रेडिट कार्ड वापर. दर महिन्याला थोडा बॅलन्स ठेवायचा, सगळं नाही भरायचं. त्यानं क्रेडिट स्कोअर वाढतो, मग पुढची कर्जं सहज मिळतात."

मी ते खरं धरलं. आज ज्याला-त्याला सांगते, की ते साफ चूक आहे. स्कोअर वाढायला दर महिन्याला वेळेवर पूर्ण बिल भरलं तरी पुरतं. बाकी ठेवल्यानं वाढतं ते फक्त व्याज. पण तेव्हा माझ्याकडे तीन कार्डं होती आणि प्रत्येकाच्या कागदावर एक छोटासा आकडा असायचा, किमान एवढे भरा. मी तेवढेच भरत होते आणि स्वतःला हिशोबी समजत होते. सोफा घेतला, कारण दुकानात 'एक वर्ष व्याज नाही' असं लिहिलं होतं. वर्ष संपताना थोडी रक्कम राहिली आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर आलं. अटी कागदावर होत्या. मी वाचल्या नव्हत्या.

मग मी नवी एसयूव्ही घेतली, गरम होणाऱ्या सीटची. प्रज्ञापासून वेगळं होऊन तळ्याकाठी एकटीचं अपार्टमेंट घेतलं. आईबाबांना मोठा टीव्ही आणि फ्रीज घेऊन दिला, घराला रंग लावून दिला, सगळं कार्डाच्या जिवावर. बाबा फोनवर म्हणाले, "एवढं कशाला वं बाई?" पण आवाजात कौतुक होतं, आणि मला त्या कौतुकाची चटक लागली होती.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "प्रज्ञाचं खातं बंद झालं. ब्यांकेचं पत्र आलं मले, जामीनदार म्हणून मोकळं केलं म्हणते." ते पत्र त्यांनी मला पूर्ण वाचून दाखवलं. सरकारी मराठी, एकेक शब्द सावकाश. शेवटी म्हणाले, "पोरगी मोठी जिद्दीची निघाली."

माझं कर्ज जवळजवळ तसंच होतं. मी म्हटलं, "जिद्द कसली बाबा, कंजूष आहे ती. इथे लोक हसतात तिला."

 बाबा म्हणाले, "बरं." त्या 'बरं'नं मी दिवसभर जळत राहिले.

पुढच्या वर्षी प्रज्ञाची नोकरी गेली. तिच्या कंपनीनं एका दिवसात अर्धा मजला रिकामा केला. आम्ही दोघी वर्क व्हिसावर. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाच हवं. मला बरं वाटलं. वाटलं, बघू आता काटकसर कुठे कामाला येते.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती कपाट आवरत होती. "मी घरी जाऊन येते यार," ती म्हणाली. "कुठलीही नोकरी धरायची म्हणून धरणार नाही. आठ महिन्यांचा खर्च बाजूला आहे. तिकडून इंटरव्ह्यू देईन."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर आईजवळ राहीन. कोणाचं देणं नाही माझ्यावर."

हे वाक्य ती सहज बोलली. मी मात्र ते घेऊन घरी आले. शर्वरीचं घर, गाड्या, पांढरा दगड, या सगळ्यांपेक्षा मला त्या एका वाक्याचा हेवा वाटला.

त्याच सुमारास बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी चार वर्षं घरी गेले नव्हते. येते, येते म्हणत होते. तिकीट बघितलं, तर तिन्ही कार्डांवर जागा नव्हती. आईला सांगितलं, "सुट्टी मिळत नाहीये." ती म्हणाली, "असू दे. कामाचं आधी." माझं खोटं तिनं इतक्या लगेच मान्य केलं, की मला ते दुरुस्त करता आलं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. बाबा पलंगावर बसले होते, काळा चष्मा लावून. शेजारी प्रज्ञा. तिनं त्यांचा चष्मा काढला, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "काका, वर पाहा. पंख्याकडं." थेंब पडला. बाबांनी तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं हसले. माझ्याशी बोलताना ते असे हसत नसत. फोनवर ते जपून बोलायचे, जणू मिनिटांचे पैसे पडतात.

आई म्हणाली, "चार दिवसांपासून इथंच आहे पोरगी. नागपूरला तिनंच नेलं, तिनंच आणलं. सही बी तिनंच केली दवाखान्यात."

"आवाज येत नाहीये," असं म्हणून मी कॉल बंद केला. आवाज स्वच्छ येत होता.

तासाभरानं मी प्रज्ञाला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं, "माझ्या आईबाबांसमोर काय दाखवते आहेस तू? त्यांची मुलगी मेली नाहीये."

 ती म्हणाली, "तू आली असतीस तर मी कशाला गेले असते, सुजाता?"

"सुट्टी नाही मला."

"सुट्टी नाही, की पैसे नाहीत?"

मी विषय बदलायला गेले. ती म्हणाली, "तुझ्या गाडीत मागच्या सीटवर बिलांची पाकिटं पडलेली असतात, न उघडलेली. मला दोन वर्षांपासून माहीत आहे. काकांना सांगितलं नाही, सांगणारही नाही."

"तुला काय, तू एकटा जीव. तुला सोपं होतं," मी म्हटलं.

"सोपं?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "काकांनी माझ्या कागदावर सही केली होती. मी हप्ता चुकवला असता तर बँकेचा माणूस तुमच्या दारात आला असता. चारचौघांत काकांना बोलला असता. मला ते डोळ्यांसमोर दिसायचं यार. म्हणून मी ती गाडी चालवली. हौस होती का मला हात बाहेर काढून दार उघडायची?"

मी फोन ठेवला. माझ्या कर्जावर तर त्यांचं घर होतं. त्यांच्या दाराचा विचार प्रज्ञानं रोज केला आणि मी, त्यांची सख्खी मुलगी, त्या दाराला महागाचा रंग लावून मोकळी झाले. त्या दिवशी मला तिचा जितका मत्सर वाटला तितका आयुष्यात कोणाचा वाटला नाही. पैशाचा नव्हे. माझ्या बापावर माझ्यापेक्षा नीट माया करता आली तिला, त्याचा.

पुढच्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. टीव्ही, रंग, कार्डं, न मिळालेली सुट्टी. ते काळ्या चष्म्यात होते, चेहरा कळत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाले, "किती?"

मी रुपयांत सांगायला लागले.

"रुपयात नको सांगू," ते म्हणाले. "तू डॉलरमध्ये कमावते, डॉलरमध्ये सांग." मी सांगितलं. "सगळ्यात जास्त व्याज कोणाचं?" तेही सांगितलं. "मंग पयले ते. बाकीच्यांना चुकू नको, पण जोर तिथं लाव. आणि आमच्यासाठी आता काही घेऊ नको वं. जुन्या टीव्हीत बी बातम्या त्याच होत्या."

रागावले असते तर सोपं गेलं असतं.

एसयूव्ही विकली. आलेले पैसे तिच्या कर्जाला पुरले नाहीत, त्यामुळे नसलेल्या गाडीचे हप्ते मी आणखी काही महिने भरले. तळ्याकाठचं घर सोडून एका कुटुंबाच्या तळघरातली खोली भाड्यानं घेतली. प्रज्ञाची करडी गाडी तिच्या जुन्या पार्किंगमध्ये उभी होती, किल्ली ती जाताना माझ्याकडे ठेवून गेली होती. तिनं मेसेज केला, "चालवत राहा, नाहीतर बॅटरी मरेल." बर्फात ती गाडी चालवताना, काच खाली करून दार उघडताना, मी तिच्यावर चिडायचे आणि तिच्याच गाडीनं कामावर पोचायचे. सगळं फिटायला अडीच वर्षं लागली.

प्रज्ञाला पाच महिन्यांनी टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत नोकरी मिळाली. आता तिचं तिथं स्वतःचं घर आहे. तिला कमी दरानं गृहकर्ज मिळालं, मी आज मागितलं तर मला मिळणार नाही. वास्तूचे फोटो तिनं पाठवले. मी 'अभिनंदन' लिहिलं, आणि मग बराच वेळ एकेक फोटो मोठा करून खोल्या मोजत बसले. जळणं काही एका पश्चात्तापानं विझत नाही, निदान माझं तरी.

गेल्या डिसेंबरात मी घरी गेले. आधी पैसे साठवले, मग तिकीट काढलं, तीन आठवड्यांचं. पहाटेच पोचले. आई अजून उठायची होती, म्हणून म्हटलं आपणच चहा ठेवू. ओट्याखालच्या फडताळात साखरेचा डबा नव्हता. चहापत्तीही नव्हती. माझ्या घरातली साखर मला सापडेना. आई उठून आली आणि म्हणाली, "वरच्या फळीवर आहे. प्रज्ञानं लावून दिलं सगळं, ती आली होती तेव्हा."

 आई अंघोळीला गेल्यावर सगळे डबे काढले आणि जिथे माझ्या लहानपणापासून असायचे तिथे, खाली, एकेक करून नीट लावले. मला फार बरं वाटलं.

दुपारी आई चहा करायला उठली. वरच्या फळीवर हात गेला, रिकामा परत आला. मग तिनं ओट्याला धरलं, उजवा पाय बाजूला लांब केला आणि तशीच तिरपी होत, ओठ दाबून, खाली वाकली. डबा हातात आल्यावर क्षणभर तिथंच थांबली. मग ओट्यावर भार देऊन उभी राहिली आणि मला हाक न मारता चहा टाकला.

इतकी वर्षं फोनवर मी तिला विचारत होते, "तब्येत कशी आहे?" आणि ती सांगत होती, "बरी आहे."

घर म्हणजे काय, असं आता कोणी मला विचारलं तर मी भंडारा म्हणत नाही, ईडन प्रेरीही नाही. आईचा कुठला गुडघा दुखतो हे तिनं न सांगता माहीत असणं, म्हणजे घर. ते आधी प्रज्ञाला मिळालं होतं, मला नंतर.

चहा पिऊन झाल्यावर मी सगळे डबे पुन्हा वर ठेवले.