लुबर्टची फोय

लुबर्ट मालाची बोट चालवायचा. माझ्या खानावळीत त्याने जन्मभर कॉफी ढोसली, पण निघताना बशीत एक नाणं ठेवलं असेल तर शपथ.

"फोय कुठाय रे, चिकटोबा?" मी हटकायचे. साऱ्या हॉलंडात फोय म्हणजे वाढणाऱ्याला दिलेली टिप.

त्याचं उत्तर ठरलेलं. "अगं बये, फोय म्हणजे चिल्लर नव्हे. फ्रेंचांचा 'रस्ता' या अर्थाचा शब्द तो. आपल्याकडे आला आणि निघताना द्यायचं जेवण झाला. पुढे तुम्ही खानावळवाल्यांनी त्याची चिल्लर केलीत!"

आणि खरंच, लांबच्या खेपेआधी तो बोटीवर वाटाण्याचं दाट सूप रांधून आम्हाला जेवायला घालायचा. पातेलं रिकामं झाल्याशिवाय किनाऱ्याचा दोर सोडायचा नाही.

गेल्या मार्चमध्ये पुन्हा तसंच जेवणाचं बोलावणं आलं. बोट तर केव्हाच विकली होती, म्हणून मी आणि बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडणारा योखेम त्याच्या घरी गेलो. लुबर्ट वाळून काटकी झाला होता. पोटाचं दुखणं ठाऊक होतं, पण ते इतकं वाढलंय हे ठाऊक नव्हतं.

"बोट नाही अन् निघालास कुठं? सासुरवाडीला?" योखेमने डिवचलं.

लुबर्टने आमचे वाडगे भरले. "उद्या सकाळी डॉक्टर येतायत. शेवटचं इंजेक्शन द्यायला. मीच मागितलंय. सगळ्या सह्या झाल्यात."

योखेम घास तोंडात धरून बसला, गिळेना की थुंकेना. आमच्या देशात लोक कायद्याने असं मरण मागून घेतात हे मला माहीत होतं, पण ते दुसऱ्यांच्या घरी.

"आधी सांगायला काय झालं होतं, मेल्या?" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली.

तो खो खो हसला. "आधी सांगितलं असतं तर जेवायला आली असतीस?"

मला त्याचा संताप आला, त्या डॉक्टरचा आला, सुपाचासुद्धा आला. लुबर्टने झाकण उचलून पाहिलं. पातेलं अर्धं भरलेलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"उरलं तर मी निघू कसा?"

राहू दे तसंच भरलेलं, असं मला वाटलं. मग झाकण ठेवायला तो वळला आणि कळ येऊन टेबलाला धरून उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते.

मी वाडगा पुढे केला.

"वाढ," मी म्हटलं.