युहानीची शेवटची फेक

काल इथे कुवेतमध्ये, महबूलातल्या घरी लेकीच्या मुरगळलेल्या पायावर थंड स्प्रे मारला आणि त्या कापरासारख्या वासासरशी मला युहानी आठवला.

तेव्हा मी कुवेतमध्ये नवीन नर्स होते आणि असाच स्प्रे घेऊन माझी ड्यूटी एका मैदानावर होती. युहानी फिनलंडचा हातोडाफेकपटू, म्हणजे तारेला जोडलेला लोखंडी गोळा गिरक्या घेऊन फेकणारा. तिकडे हिवाळा म्हणून सरावाला इथे आलेला. लहानपणी बर्फात रुतलेला गोळा फावड्यानं उकरायचा आणि पुन्हा फेकायचा, असं तो हसत सांगायचा. त्या दुपारी गिरकी घेता घेता तो किंचाळला आणि पाठ धरून कोसळला. तारेसकट गोळा बाजूच्या जाळीवर आदळला.

अँब्युलन्समध्ये त्याला पाय जाणवत नव्हते. तरी त्यानं विचारलं, ‘‘किती लांब गेला?’’

‘‘खूप लांब. तुझी आजवरची सगळ्यात मोठी फेक,’’ सोबत बसलेला त्याचा म्हातारा कोच म्हणाला.

युहानीनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘सिस्टर, तुम्ही पाहिलंत ना?’’

‘‘जाळीत गेला,’’ मी म्हटलं. कोचनं माझ्यावर डोळे वटारले.

‘‘हाताला तसंच कळलं होतं,’’ युहानी म्हणाला. इतका वेळ दात आवळून पडलेला तो धिप्पाड माणूस मग ओक्साबोक्शी रडू लागला.

तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही. मी फार कठोर वागले, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता वॉर्डात इतकी माणसं पाहिल्यावर वाटतं, खरं काय ते त्याला आधीच ठाऊक होतं, फक्त एकट्यानं सोसायचं नव्हतं. हॉस्पिटल येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नव्हता.