वाणात आलेली बाटली

जयपूरला बदली होऊन आल्यानंतरच्या दुसऱ्या संक्रांतीला आमच्या साहेबांच्या पत्नींनी हळदीकुंकू केले. विमा आणि बँकांतली पंधरावीस मराठी घरे इथे एकमेकांना धरून असतात, आणि नवऱ्यांची ऑफिसातली उतरंड बायकांच्या बसण्यातही पाळतात. बाहेर गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा चालला होता आणि राजा पार्कातल्या त्या दिवाणखान्यात प्रत्येकीच्या हातावर वाण पडले: क्रॅनबेरीच्या कॅप्सूलची बाटली. मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी, रोज एक. बाईंनी नुकतीच त्या मालाची एजन्सी घेतली होती.

बायकोने बाटली मुरलीपुऱ्याला घरी आणली. लेबलावर सोनेरी अक्षरे, खाली किल्ल्याचे चित्र. मी ते नाटकी आवाजात वाचून दाखवले आणि म्हटले, "मूत्रमार्गाला तटबंदी झाली. तोफा कधी बसवायच्या?"

ती हसली. "वाण आहे हो, टाकता येत नाही," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून घेऊ लागली.

ती बस्सीच्या एका शाळेत शिकवायची. दोन बस बदलून जायची. तिथे शिक्षिकांसाठी एकच संडास होता आणि त्याला आतून कडी नव्हती. म्हणून सकाळी सहापासून दुपारी साडेतीनपर्यंत ती पाणीच पीत नसे. तिथल्या सगळ्याच बायका तसे करत. हे मला माहीत होते, जसे एखाद्याची उंची माहीत असते. आधी दोनदा तिला लघवीची जळजळ झाली होती, औषधाने गेली होती. आता कॅप्सूल होती, म्हणजे काळजीच मिटली. कॅप्सूल एका घोटात गिळून ती बसला पळायची. भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, असे लेबलावर लिहिले होते. मी किल्ल्यापाशीच वाचायचा थांबलो होतो.

मार्चमध्ये पुन्हा जळजळ सुरू झाली. तिने मला सांगितले नाही, बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "अगं, सगळं बाहेर पडतंय. बंद नको करूस. एकाऐवजी दोन घे." साहेबांच्या बायकोने दिलेल्या वाणावर शंका घेणार कोण? तिने दोन घेतल्या. तीन आठवडे.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो तर ती दुलई घेऊन पडली होती. "अहो, पंखा बंद करा," म्हणाली. मी थट्टेसाठी तोंड उघडले आणि तिचे दात वाजताना ऐकले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेऊन पाहिली. "बचाव के लिए कोई ले तो ले," त्या म्हणाल्या, "लगे हुए इन्फेक्शन का ये इलाज नहीं है। पानी कितना पीती थीं?" संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दहा दिवसांनी ताप उतरला, पण डावे मूत्रपिंड पूर्वीसारखे होणार नाही, असे त्यांनी सांगितले.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तुम्ही तोफा आणल्या असत्या."

साहेब आणि बाई फळांची परडी घेऊन भेटायला आले. बाई तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, "बघ, कॅप्सूल चालू होती म्हणून एवढ्यावर निभावलं." साहेबी थाटाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. त्या आल्या तेव्हा मी उठून त्यांना खुर्ची दिली होती, आणि आता आभारही मानले.

जुलैत ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. कडीचे काय, असे मी विचारले. बजेट आल्यावर बसेल, असे शिक्षिका आपसात म्हणतात, ती म्हणाली. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे मुळात कोणी गेलेच नव्हते. संडासाविषयी पुरुषासमोर कोण बोलणार?

एका शनिवारी रजा टाकून मी पहिल्यांदाच बस्सीला गेलो. बाजारातून कडी आणि स्क्रू घेतले, शाळेच्या चौकीदाराकडून पेचकस मागून घेतला. दार जुने होते, लाकूड चिवट निघाले. तरी वीस मिनिटांत कडी बसली. आत जाऊन ती लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. पलीकडच्या वर्गात ती पाढे म्हणून घेत होती. तिला बोलावून दाखवावे असे त्यात काही नव्हते. मी पेचकस परत केला आणि बस पकडली.