शेवटचा खो माझा होता

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी डबा खाता खाता वाचते आणि बहुतेकदा हसते, हे आधीच सांगून टाकते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बौद्ध घर आमचं. वडिलांचा एकच दंडक – आधी तपास, मग मान. नोकरीही तशीच, एकलहऱ्याला वीज प्लांटच्या लॅबमध्ये पाणी तपासायचं. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. त्यामुळे 'पाठीवर हात जाणवला' वगैरे कोणी लिहिलं की मी म्हणायचे, ॲसिडिटी असेल.

मग आज मीच का लिहितेय? कारण माझं डोकं फिरलंय! आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळात घडलेली गोष्ट सध्या व्हॉट्सॲपवर फिरतेय, आणि तिची दोन व्हर्जन आहेत. एकात मागे बासरी लावून 'सरांच्या पुण्यात्म्याने चमत्कार केला', आणि दुसऱ्यात 'लेडीज लोकांनी आधी ठरवून नाटक केलं'. दोन्ही खोटी. मी तिथे होते. माझ्याच पाठीवर ते झालं.

शाळा नाशिकरोडची, नाव लिहीत नाही. रेल्वे, प्रेस, प्लांट अशा कामगारांची पोरं तिथे शिकली. शाळेमागे एक मैदान आहे आणि ते गांगुर्डे सरांनी केलंय. हे शब्दशः घ्या. आधी तिथे नुसती खडी होती. सर पी.टी.चे. प्रॅक्टिसच्या आधी प्रत्येकीने ओंजळभर खडे वेचून कुंपणापाशी टाकायचे, हा त्यांचा नियम. वर्षानुवर्षं मुलींनी खडे वेचले, तेव्हा कुठे अनवाणी पळता येईल अशी माती झाली. आजही शाळेच्या मुली तिथेच खो-खो खेळतात. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी पाय पसरायला जागा नाही, त्यांना मैदान म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

सर सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे. खो मिळूनही कोणी चौकोनात रेंगाळली की ओरडायचे, "बशी काय राहिनी? पय!" पय म्हणजे पळ. त्यांची एक प्रॅक्टिस होती. आम्ही आठजणी ओळीत बसायचो, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. सर मागून पळत यायचे आणि पहिलीपासून आठवीपर्यंत एकेकीला खो द्यायचे. पोकळ पंजा, दोन खांद्यांच्या बरोबर मधे. लागायचं नाही, पण अंगातून वीज जायची. "खो म्हणजे ढकलनं नही, जागं करनं," असं म्हणायचे. शेवटच्या मुलीला खो दिला की तिच्या जागेवर स्वतः बसकण मारायचे आणि धापा टाकत हसायचे. ती शेवटची मुलगी मी. खांबाजवळची.

सर गेले त्याला फार काळ नाही झाला. मंडळाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली आणि तिच्याखाली लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. असो... असो कसलं, मला अजून तो केक आठवतो.

आता मंडळाचं. अध्यक्ष विनोद, आमच्याच बॅचचा, बांधकामात मोठा झालेला. वर्षातून एक गेट-टुगेदर, फेटे, ड्रोन, शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या नावाची फरशी – हे मंडळाचं शाळेशी नातं! यंदा त्याच्या डोक्यात आलं 'अल्युम्नाय हॉल'. एसी, स्टेज, लग्नाला भाड्याने देता येईल असा. जागा? खो-खोचं मैदान. शाळेच्या संस्थेने एकच अट घातली – माजी विद्यार्थ्यांचा ठराव एकमताने पाहिजे, एकाचाही विरोध नको.

मी ग्रुपवर विरोध लिहिला. विनोदचं उत्तर, "ताई, पॉझिटिव्ह राहा." शाळेत मला 'ए शिंदे' म्हणायचा तो, आता ताई! खाली हात जोडल्याच्या इमोजींची रांग. एकानेही तोंड उघडलं नाही. म्हटलं ठीक आहे, सभेत बघू. सभेत उभं राहून नाही म्हणायचं, हे मी घरूनच ठरवून गेले होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा राग इथेच आहे.

रविवार होता. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. मैदानातच मांडव. चपला-बुटांसकट सगळे त्या मातीवर, वर पुरणपोळीची पंगत. ओळखी वाढाव्यात म्हणून गेटवर रंगीत बिल्ले देत होते, त्या त्या रंगाच्या रांगेत बसायचं. त्यामुळे आमची टीम पार विखुरली. आठहीजणी इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच एकत्र आलो होतो. मंदा मनमाडहून गाडीने आली ती थेट जेवायलाच पोचली, तिच्याशी माझं नीट बोलणंही झालं नव्हतं. मला जांभळा बिल्ला मिळाला, म्हणजे शेवटची रांग. माझ्या मागे माणूस नव्हता, कनात नव्हती, मोकळं मैदान होतं. आणि खुर्च्या... त्या लग्नातल्या असतात ना, प्लास्टिकच्या, उंच पाठीच्या, वर सॅटिनचं कव्हर आणि मागे बो. त्या.

जेवणं झाली, लोक सुस्तावले, आणि तो मुहूर्त साधून विनोदने माइक घेतला. सरांचा फोटो स्टेजवर होता, हारासकट. "गांगुर्डे सरांचंच हे स्वप्न होतं," म्हणाला! मी ताडकन म्हणणार होते की सरांचं स्वप्न तुझ्या बुटाखाली आहे, काढ ते आधी. पण तो पुढेच गेला, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं. कोणी नाही ना?"

मी पदर सावरून उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेत मंदा उभी राहिली.

मंदा! जी शाळेत स्वतःचं नाव सांगताना लाजायची. आणि ती हळूहळू नाही उठली. खो मिळाल्यावर उठतात तशी उठली, पुढे झुकून, एक पाय पुढे. उठली आणि मागे वळून बघायला लागली. तिच्या मागे एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते.

मग डावीकडून आमच्या टीमची नसीम उठली. तशीच. मग मधल्या रांगेतून तिसरी. ती बसली होती पार उजवीकडे. मला गंमत वाटली, चला, निदान आपल्या पोरींना कणा आहे. चौथी उठली तेव्हा मात्र मी मोजायला लागले. कारण क्रम मला पाठ होता. आम्ही ओळीत ज्या क्रमाने बसायचो त्याच क्रमाने त्या उठत होत्या.

आता पाचवी. पाचवी रेखा. ती उठणं शक्यच नव्हतं, कारण हॉलचं काम तिच्या नवऱ्याला मिळणार होतं आणि तो तिच्या शेजारीच बसला होता.

रेखा उठली. नवऱ्याने तिचा हात धरून खाली ओढलं, तर तिने हात झटकला आणि ओरडली, "कोणी मारलं मला?"

सहावी. सातवी. विनोद माइक धरून नुसता बघतोय. आणि माझा नंबर शेवटचा.

खरं सांगू का... मी घाबरले. आणि घाबरले म्हणून चिडले. मला उठायचं होतंच की! मला उठवायला जिवंत माणसाची गरज नव्हती, मेलेल्याची तर त्याहून नव्हती. मी पाठ खुर्चीला गच्च चिकटवली, दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मनात म्हटलं, माझी मी उठेन, माझ्या वेळेला. मधे ना माणूस जाईल ना हात. बघू या काय होतं.

खो बसला.

दोन खांद्यांच्या बरोबर मधे. पोकळ पंजा. प्लास्टिकमधून, सॅटिनमधून, माझ्या पदरातून. खुर्ची हलली नाही. मी आयुष्यात इतकी मऊ थाप खाल्ली नसेल, आणि कळलं तेव्हा मी उठून दोन पावलं पळाले होते. या वयात, या गुडघ्यांनी! आणि माझ्या तोंडून हाक निघाली, "सर!" मी मागे वळले. मैदान, ऊन, कुंपण. बाकी काही नाही.

मी माइकशिवायच बोलले. आवाज आपोआप मोठा निघाला. "विनोद, आठ विरोध लिहून घे. आणि बूट काढ."

त्याने बूट नाही काढले. ठराव मात्र बारगळला.

एक गोष्ट राहिली. ती मी व्हॉट्सॲपवर कोणालाच सांगितलेली नाही, नाहीतर तिच्याखालीही बासरी लावतील. त्या गोंधळात वारा सुटला होता. त्या सॅटिनमध्ये वारा भरतो आणि रिकाम्या खुर्च्या पटापटा आडव्या होतात. उठलेल्या सगळ्यांच्या खुर्च्या पडल्या. आमच्या मागच्या रांगेतल्या तर सगळ्याच पडल्या. फक्त माझी उभी होती. कव्हर फडफडतसुद्धा नव्हतं. मी घरी जाईपर्यंत तिच्यावर बसले नाही. पर्स तिच्या पायाशी होती, ती लांबूनच, वाकून, हळूच ओढून घेतली. वडीलधारं माणूस बसलेलं असताना घेतात तशी.

तपासलं मी सगळं, वडिलांना स्मरून. बाकीच्या सातहीजणींना वेगवेगळा फोन केला. माझ्यासकट आठहीजणींचं एकच – पंजा, मधोमध, पोकळ. रेखा तर फोनवर माझ्याशीच भांडली, "मला उठायचंच नव्हतं गं! घरात तीन दिवस कोणी बोललं नाही माझ्याशी!" मग म्हणाली, "पण बरं वाटलं बाई उठून." एकीचं बघून दुसरीला भास झाला म्हणावं, तर मंदाने कोणाचं बघितलं? ठरवून केलं म्हणावं, तर रेखाला कोणी सामील करून घेतलं असतं? लॅबमध्ये असतं तर रकान्यात 'निष्कर्ष नाही' लिहून सही केली असती.

पण माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती सरांबद्दलसुद्धा आहे. सगळे म्हणतात सरांनी उठवलं. माझा नकार माझा होता हो! सर, तुम्ही थोडं थांबायला हवं होतं. मी उठणारच होते.

आता विनोदने नवीन शक्कल काढलीय. ठराव पुन्हा मांडायला पुढची सभा ऑनलाइन. आपापल्या घरी, भिंतीला टेकून बसा, 'म्हणजे कोणाला भास होणार नाहीत'. असा मेसेज त्याने खरोखर टाकलाय, हसऱ्या इमोजीसकट.

मी मंदाला फोन लावला. तिने नसीमला. शेवटी रेखानेही "येते" म्हटलं, नवऱ्याला न सांगता. सभेला आम्ही मैदानातूनच जॉइन होणार आहोत. चपला कुंपणापाशी काढून, ओंजळभर खडे वेचून, मोबाइल हातात धरून ओळीत बसणार. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. खुर्च्या नाहीत.

मी खांबाजवळ. यावेळी पाठ मोकळी ठेवणार आहे.