दगडफुलाची जागा

लोणखेड्यात हिंमतराव पाटलांचं घर शोधताना आडनाव सांगितलं तर लोक उलट तुम्हालाच विचारतात, कोणते पाटील? समुद्रवाले म्हटलं की मात्र चौथीतली पोरगीसुद्धा दारापर्यंत आणून सोडते. समुद्र सुरतेपलीकडे, आणि त्याचा तीन फुटी तुकडा हिंमतरावांच्या बैठकीत, टीव्हीच्या जागी. टीव्ही कपाटावर गेला. त्यावर सरलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काही बोलल्या नाहीत. त्या फारसं बोलतच नसत. निदान हिंमतरावांची तशी समजूत होती.

हिंमतराव साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस हंगाम होते. काम एकच: शेतात जायचं, उसाला भोक पाडून रसाचा थेंब गोडवा मोजणाऱ्या ब्रिक्समीटरच्या काचेवर घ्यायचा, डोळ्याला लावायचा आणि ऊस पिकला की नाही ते सांगायचं. गोडवा कमी भरला की तोडीची चिठ्ठी नाही. मग शेतकऱ्याने चहा पाजो की गयावया करो, साहेब ढिम्म. त्यांचं एक वाक्य पंचक्रोशीत पाठ होतं: "बांधवर उभं राहीसन ऊस पिकस का?" एवढं बोलून ते मोटरसायकलला किक मारायचे.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे, भूमिकाकडे, सुरतेला गेले. तिथे दाढ दुखली. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत एक काचेची टाकी होती आणि तिच्यात प्रवाळ डुलत होतं. हिंमतरावांचा नंबर पुकारला गेला, पुन्हा पुकारला गेला, तरी ते उठेनात. शेवटी दुखरी दाढ तशीच घेऊन ते लोणखेड्याला परतले आणि महिन्याभरात टाकीची काच दारात उतरली. मीठ आलं, खडक आले, नारंगी मासे आले. दुकानदार नवनीतने फोनवर सांगितलं, काका, खारेपणा मोजायचं यंत्र घ्या. हिंमतराव हसले. आपला जुना ब्रिक्समीटर काढला, आकडेमोड केली, आणि तेव्हापासून त्यांच्या घरी समुद्राचा ब्रिक्स साडेचार असतो. सरलाबाईंनी एकदा विचारलं की मग याची साखर किती पडेल. हिंमतरावांना तो प्रश्न गंभीर वाटला आणि त्यांनी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं.

खरं प्रवाळ मात्र आलं ते यंदाच्या होळीच्या तीन दिवस आधी. नेमकं तेव्हाच यावं, हे सरलाबाईंचं नशीब.

त्याचं असं. कारखान्याच्या वजनकाट्यावर दिलवरसिंग नावाचे एक गृहस्थ होते, सातपुड्यातल्या काठी गावचे. काठीची राजवाडी होळी बघायला मुलुख लोटतो. दिलवरसिंग दरवर्षी बोलावणं करायचे, भाभींना घेऊन या म्हणायचे. पण होळी येते ऐन गाळपात. हिंमतराव घरी सांगायचे, पुढच्या वर्षी. मग म्हणू लागले, निवृत्त झाल्यावर. निवृत्तीचं पहिलं वर्ष दाढेत गेलं, दुसरं टाकीत. यंदा सरलाबाईंनी आठ दिवस आधीच पिशवी भरून दारामागे ठेवली होती. निळं लुगडं, दिलवरसिंगांच्या घरासाठी शेव, आणि स्वतःसाठी एक उशीचा अभ्रा, का ते त्यांनाच ठाऊक.

शहाद्याच्या स्टँडवर सुरतेच्या गाडीतून थर्मोकोलचा खोका उतरला. आत पाण्याने भरलेली पिशवी, आणि तिच्यात खडकाच्या खड्यावर बसलेलं निळसर, सुपारीएवढं मिटलेलं मश्रूम प्रवाळ. एवढ्याशा जिवासाठी हिंमतरावांनी घरात संचारबंदी लावली. बैठकीचे दिवे बंद. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, पाणी सारखं कोमट व्हावं म्हणून. मग प्रवाळ वाडग्यात काढलं आणि टाकीतलं पाणी त्यात थेंबाथेंबाने सोडलं. त्यासाठी केळीच्या ठिबकची नवीकोरी नळी आणून तिला ड्रिपर लावला होता. नव्या पाण्याची एकदम ओळख झाली तर जीव घाबरतो, म्हणाले.

सरलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आपल्या पाटावर बसून वालाच्या शेंगा मोडत हे पाहत होत्या. "मन्हं लगीन व्हयनं त्याच सांजले पन्नास मानसंस्न्या भाकरी थाप्यात मी," त्या म्हणाल्या. "मले कोनी असं थेंब थेंब पानी नई दिधं."

हिंमतरावांनी घड्याळ बघितलं. अजून वीस मिनिटं थेंब सोडायचे होते.

इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम. पुढे त्यांच्यातला खानदेशी यजमान जागा झाला. नवनीतने बजावलं होतं, काका, पहिला आठवडा खाली ठेवा, सावलीत. पण एवढ्या लांबून आलेला पाहुणा, आणि त्याला काय दाराशी चपलांजवळ बसवायचं? हिंमतरावांना ते पटेना. त्यांनी त्याला सगळ्यात उंच खडकावर, दिव्याच्या बरोबर खाली, सोफ्यासमोर बसवलं, वार्षिक सभेत अध्यक्षांना बसवतात तसं. आणि स्वतः समोर बसले, उमलण्याची वाट पाहत.

ते उमललं नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग हिंमतरावांनी चिमट्याने त्याला जरा डावीकडे सरकवलं. तासाभराने उजवीकडे. मग तोंड फिरवून पाहिलं. हात लावला की ते अधिकच मिटायचं, आणि मिटलं की हिंमतराव पुन्हा हात घालायचे. गल्लीत बातमी गेली होती, त्यामुळे बघायला येणाऱ्यांचीही रीघ. बायका खाली बसून निरखायच्या आणि सरलाबाईंना हळूच विचारायच्या की मसाल्यातलं दगडफूल ते हेच का. सरलाबाई हो म्हणायच्या. तेच नाव घरात रुळलं.

होळीच्या सकाळी सरलाबाईंनी विचारलं, "औंदा तरी जावानं ना काठीले?"

"पुढला साल जाऊत," हिंमतराव टाकीतून डोळे न काढता म्हणाले. "आते याले सोडीसन कसं जाऊ?"

"चौतीस साल ऊस व्हता. आते हाई दगडफूल."

त्यांचा आवाज चढला नाही. त्या दारामागे गेल्या आणि पिशवीतून निळं लुगडं काढून कपाटात परत ठेवू लागल्या. त्यांना रडू येत होतं आणि शेंगांच्या टोपलीपुढे बसून रडायची त्यांची तयारी नव्हती.

तेवढ्यात उखा आला. उखा म्हणजे तो शेतकरी, ज्याला साहेबांनी एका हंगामात चार वेळा चिठ्ठीविना परत पाठवलं होतं. मनात काही न ठेवणारा माणूस. तो टाकीसमोर उकिडवा बसला. हिंमतरावांचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता, शर्ट ओला, चष्मा नाकाच्या टोकावर.

"हाई पिकस कवय, साहेब?" उखाने विचारलं.

"तीच वाट दखी ऱ्हायनू."

उखाने काचेला नाक लावून आत पाहिलं. मग अगदी गरिबीने म्हणाला, "बांधवर उभं राहीसन ऊस पिकस का?"

हिंमतरावांनी हात बाहेर काढला. शर्टाला पुसला. कपाटाचं दार लागल्याचा आवाज त्यांना ऐकू आला आणि आपण काय करतो आहोत ते त्यांना पहिल्यांदा नीट कळलं. "काठीनी गाडी कितीले शे?" त्यांनी विचारलं. उखाने दुपारी बाराची सांगितली. लागलेलं कपाट आत पुन्हा उघडलं गेलं, आणि या वेळी जरा जोरात.

काठीला दिलवरसिंगांनी साहेबांसाठी दोन खुर्च्या अगदी पुढे राखून ठेवल्या होत्या. हिंमतरावांनी सरलाबाईंना त्यातली चांगल्या पाठीची दिली. पहाटे उंच बांबूची होळी पेटली, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले, नवस बोललेले बावे नाचू लागले, आणि हिंमतरावांनी काही सांगायला मान वळवली तर शेजारची खुर्ची रिकामी. उजाडल्यावर सापडल्या त्या मागे, महूच्या झाडाखाली. दिलवरसिंगांच्या पत्नी दगूबाई आणि आणखी चार-पाच बायका, खाली तो उशीचा अभ्रा अंथरलेला, त्यावर शेव ओतलेली, आणि सरलाबाई मांडी घालून, हातवारे करत काहीतरी सांगत होत्या. एकीची भाषा दुसरीला पुरती कळत नव्हती. तरी सगळ्या हसत होत्या आणि सरलाबाई सगळ्यात मोठ्याने.

हे हसणं हिंमतरावांनी लग्नाच्या छत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना आनंद झाला आणि लगोलग वाईटही वाटलं. हाक न मारता ते खुर्चीवर जाऊन बसले.

घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. हिंमतराव चपलांसकट टाकीकडे गेले. उंच खडक रिकामा होता. खडा जागेवर, त्यावर दगडफूल नाही. त्यांनी फिल्टर उघडला, माशांकडे संशयाने पाहिलं, मग डोक्याला हात लावून सोफ्यावर बसले.

"अठे या," सरलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाल्या. त्या पाटावर बसल्या होत्या. "अठून दखा."

हिंमतराव गेले, वाकले. तिथून टाकीची मागची बाजू दिसायची. खाली, दोन खडकांच्या सावलीत, दगडफूल आपलं आपण खडा सोडून येऊन बसलं होतं आणि वाटीच्या तोंडाएवढं उमललं होतं. निळं, कडेने हिरवट, पाण्यासोबत मंद हलणारं. सोफ्यावरून ते जन्मात दिसलं नसतं.

सवयीने हिंमतरावांनी चिमटा उचलला. टाकीपर्यंत नेला. मग तो खुंटीला अडकवला आणि उंबऱ्याशी परत आले.

"तुनी बाजूले बठाले जागा शे का?" त्यांनी विचारलं.

सरलाबाईंनी शेंगांची टोपली पलीकडे सरकवली.

"शे," त्या म्हणाल्या. "पन एकदम जवय बठू नका. मले सवय नई शे. थोडं थोडं सरका."